बार्शी लाइट रेल्वेच्या वाघिणींचं किट किंवा निदान बोगी (वाघिणीखालची चाकांची चौकट) कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

बार्शी लाइट या जुन्या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) रेल्वेचं छोटं मॉडेल करायला घेतलं आहे. काळ धरलाय मिरजेपर्यंत रूळ पोचल्यानंतरचा, म्हणजे १९२७ च्या पुढचा, पण १९५४ मध्ये रेल्वे सरकारच्या ताब्यात जाण्याआधीचा. इंजिनाचं नंतर बघू. आधी मालगाडी उभी करायची आहे आणि तिथेच घोडं अडलंय, कारण या वाघिणींचं तयार किट मला कुठेच सापडलेलं नाही.

"दुसऱ्या कुठल्या तरी नॅरोगेजची चारचाकी वाघीण घ्या आणि रंग मारा" असा सल्ला मिळतो. तो मला मुळीच पटत नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने १८९७ साली ही रेल्वे सुरू केली तेव्हा सगळी आखणी ॲक्सलवरच्या वजनाभोवती केली होती. एक यार्ड (तीन फूट) लांबीला फक्त ३० पौंड वजनाचे रूळ, म्हणून एका ॲक्सलवर ५ टनांहून जास्त भार नको. त्यासाठी मालाच्या सगळ्या वाघिणी एकाच मापाच्या सांगाड्यावर बांधल्या: २५ फूट लांब, ७ फूट रुंद, दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा. वाघीण हलकी म्हणून माल जास्त. तो सांगाडा आणि त्याखालच्या बोगी नसतील तर माझ्या लेखी ती बार्शीची गाडीच नाही.

स्केल ४ मिमीला एक फूट ठरवलं आहे. हिशोब सोपा होतो, वाघीण बरोबर १०० मिमी लांब आणि २८ मिमी रुंद. बार्शीचं ७६२ मिमीचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) मात्र या स्केलला १० मिमी होतं आणि ००९ चा, म्हणजे याच स्केलच्या नॅरोगेज मॉडेलांच्या पद्धतीचा, तयार ट्रॅक ९ मिमीचा. १:८७ घेतलं असतं तर गेज जवळजवळ अचूक बसलं असतं, हे मान्य. पण ब्रिटिश नॅरोगेजची किट्स बहुतेक ००९ मध्येच निघतात, म्हणून तो एक मिमी सोडून दिला.

वरची बॉडी मी प्लॅस्टिक शीटची करेन, त्याची काळजी नाही. खरी अडचण बोगीची आहे. एन गेजच्या (९ मिमी ट्रॅकवर चालणाऱ्या छोट्या मॉडेलांच्या) सुट्या बोगी सहज मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच अमेरिकन आर्चबार पद्धतीच्या: वाकवलेल्या पट्ट्या, मधून आरपार दिसणाऱ्या. बार्शीची बोगी म्हणजे बाजूला सलग पत्रा, कडा वळवलेल्या, आणि टिमिस पद्धतीच्या स्प्रिंगा. वाघीण रुळावर उभी केली की नजर आधी तिथेच जाते, त्यामुळे आर्चबार लगेच खटकते.

कॅलथ्रॉपनेच इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड ही रेल्वे केली, १९०४ ते १९३४ चाललेली, गेज तेच ७६२ मिमी. तिच्या मालवाहू वाघिणीचं ००९ मधलं किट इथे कुणी जोडलं आहे का? सांगाडा सुटा येतो की बॉडीसकट एकसंध? सांगाड्याची लांबी मोजून सांगितलीत तर फार उपकार होतील. बंद झालेलं किट असलं तरी चालेल. ००९ सोसायटी सभासदांना जुनं सामान विकते, तेव्हा कुणी सभासद असाल तर तिकडे नजर टाकाल का?

दुसरी विनंती कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर भागातल्या मंडळींना. घरात कुणी कुर्डुवाडी वर्कशॉपमध्ये किंवा या लाइनवर नोकरीला होतं का? मला बोगीच्या दोन ॲक्सलमधलं अंतर आणि चाकाचा व्यास हवा आहे. ड्रॉइंग असेल तर उत्तमच, पण अगदी बाजूने काढलेला फोटोही पुरेल. वाघिणीची लांबी ठाऊक असल्याने बाकीची मापं त्यावरून काढता येतात. तिरक्या फोटोवरून ते जमत नाही.

मापं मिळाली तर बोगीचं थ्रीडी मॉडेल मी स्वतः करेन आणि फाइल इथेच सगळ्यांसाठी टाकेन. रेझिन प्रिंटच्या बोगीत पिनपॉइंट (टोकदार टोकांचे) ॲक्सल थेट फिरवले तर भोकं झिजतात का, की पितळी बेअरिंग बसवावंच लागतं, हेही अनुभव असलेल्यांनी सांगा. म्हणजे डिझाइन करतानाच जागा सोडता येईल.