आयर्लंडमधलं बिर – दुर्बिणीशिवाय आणखी काय बघावं?

डब्लिनकर:
मंडळी, पुढच्या महिन्यात आईबाबा येताहेत, बाबांना आकाशदर्शनाचं प्रचंड वेड म्हणून ऑफली काउंटीतल्या बिरला न्यायचंय, पण आई म्हणते एका दुर्बिणीसाठी एवढ्या लांब कशाला. तिला आवडेल असं काही आहे का तिथे? आणि ट्रेन जाते का?

तारांगण:
बाबांना न्याच!! तिसऱ्या अर्ल ऑफ रॉसने, म्हणजे तिथल्या सरदाराने, १८४५ मध्ये बिर कॅसलच्या आवारातच ही दुर्बीण उभारली, ७२ इंची आरसा, तांबं नि कथील वितळवून तिथंच ओतलेला, भट्टीला जळण पीटचं, म्हणजे दलदलीतून काढलेल्या वाळवलेल्या मातीचं. १९१७ पर्यंत जगात हिच्याएवढी मोठी दुर्बीण नव्हती, आणि एम ५१ या दीर्घिकेचा भोवऱ्यासारखा आकार पहिल्यांदा इथूनच दिसला. नळी दोन उंच दगडी भिंतींच्या मधे आहे, वरखाली होते पण बाजूला अगदी थोडीच वळते, म्हणजे तारा समोर येईपर्यंत वाट बघत बसायचं, तेही आयर्लंडच्या ढगांखाली! आताचा आरसा नवा आहे, हे बाबांना आधीच सांगून ठेवा.
बिरला ट्रेन जात नाही, टुलामोरला उतरून पुढे रस्त्यानेच. गाडी असेल तर उत्तम.

माळीणबाई:
आईंसाठी मी सांगते. अर्लची बायको मेरी रॉस फोटोग्राफीतली अगदी सुरुवातीची बाई, तिची डार्करूम जपून ठेवलीये, मला तर दुर्बिणीपेक्षा तीच जास्त आवडली. बागेतली बॉक्स नावाच्या झुडपाची कुंपणं तीनशे वर्षांहून जुनी नि भलतीच उंच आहेत, खाली कॅमकर नदीवर छोटा झुलता पूल आहे, तिथे निवांत बसता येतं. मग ऑक्समँटाउन मॉल नावाच्या रस्त्यावरून चक्कर मारा, जुनी जॉर्जियन घरं, प्रत्येक दाराचा रंग वेगळा.
अर्लची चुलत बहीण मेरी वॉर्ड, सूक्ष्मदर्शकातून बघून सुंदर चित्रं काढायची, १८६९ मध्ये याच गावात वाफेच्या गाडीतून पडून चाकाखाली गेली बिचारी. त्या रस्त्यांवरून चालताना तिची आठवण येतेच.

जुनापुराणा:
कॅसलवरून थेट परत फिरू नका एवढंच सांगतो. ६९७ साली बिरच्या सभेत ॲडोमनान या मठाधिपतीचा कायदा जाहीर झाला, लढाईत बायका, मुलं आणि धर्मगुरूंना मारायचं नाही म्हणून, तेराशे वर्षांपूर्वी! इथल्या मठाची मॅकरेगोलची शुभवर्तमानांची पोथी आता ऑक्सफर्डला आहे, पण सेंट ब्रेंडनच्या जुन्या चर्चचे अवशेष गावातच आहेत, तिथे थोडा वेळ थांबा.