मदत हवी आहे : जैसलमेरला आहोत, ८० च्या वर स्टीअरिंग थरथरतं, उद्या तनोटला निघायचंय

महाल_ते_मरुभूमी
नागपूरची गाडी, मी आणि बायको दोघंच. आज दुपारपासून ८० च्या वर गेलो की स्टीअरिंग थरथरून राहिलं. ६० पर्यंत काहीच नाही. उद्या पहाटे रामगढ, तनोट, लोंगेवाला करून संध्याकाळी परत जैसलमेर. अलाइनमेंट करून घेऊ की तसंच निघू? लवकर सांगा, दुकानं बंद होतील.

काटोलनाका
गाडी कोणती, टायर किती जुने, ब्रेक लावताना थरथरते की नुसती चालताना? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार भाऊ? अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेनं झिजतो. ठरावीक वेगाला थरथर म्हणजे बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं नाही. हादरा स्टीअरिंगमध्ये असेल तर पुढची चाकं पाहा, सीटखाली असेल तर मागची.

जुना_गिअर
ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनाची ताकद चाकाला देणारा दांडा) गेला असेल. वाळवंटात असली रिस्क घेऊ नका. गाडी तिथंच ठेवा, टॅक्सी करा.

काटोलनाका
शाफ्टचा आतला जॉइंट गेला तर अॅक्सिलरेटर दाबला की थरथर वाढते, पाय काढला की कमी होते. ८५ ला पाय काढून पाहू द्या ना आधी. लगेच टॅक्सी कायले?

महाल_ते_मरुभूमी
पेट्रोल हॅचबॅक, १५ इंची अलॉय, टायर दोन वर्षांचे. पाय काढला तरी तेवढीच थरथर. ब्रेकचा संबंध नाही.

वैदर्भी_वाटसरू
परत येताना चित्तोड, नीमच, रतलाम, इंदूर, हरदा, बैतूल असं या. इंदूर ते नागपूर एकच राष्ट्रीय महामार्ग ४७ आहे. पोकरण-जोधपूर पट्ट्यात मात्र अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. उंटाचे पाय लांब असतात, धडकेत त्याचं धड थेट काचेवर येतं.

स्टेपनी
परतीचा रस्ता कोणी विचारला? धागाकर्ते, गाडी रेतीत घातली होती का?

महाल_ते_मरुभूमी
हो, काल सम गावाच्या पुढे थोडी. हवा ३३ पीएसआयवरून २० केली होती, डांबरी रस्त्यावर आल्यावर लगेच परत भरली. फसलो वगैरे नाही.

स्टेपनी
मग रिमच्या आत रेती बसली आहे. अलॉयच्या आतल्या बाजूला, ब्रेक कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) मागे हात घालून पाहा. बॅलन्सिंगची वजनं ५-१० ग्रॅमच्या हिशोबानं लावतात. तिथं एका जागी ५० ग्रॅम चिकटले तरी हातात जाणवणारच.

जुना_गिअर
कोरडी रेती चिकटत नाही. चाक फिरलं की उडून जाते. थर वाळवंटातले धोरे (वाळूच्या टेकड्या) म्हणजे नदीकाठचा चिखल नाही.

स्टेपनी
कोरडी नाहीच चिकटत, बरोबर. म्हणून विचारतो, त्यानंतर गाडी धुतली का?

महाल_ते_मरुभूमी
आज सकाळी हॉटेलवाल्यानं पाइपनं पाणी मारलं. त्याचा काय संबंध?

स्टेपनी
तोच तर संबंध आहे. वरून मारलेलं पाणी रेती घेऊन रिमच्या तळाशी साचतं. गाडी उभी, म्हणून गाळ एकाच जागी बसतो आणि उन्हात घट्ट होतो. चारही चाकांना आतून जोराचं पाणी मारा. गाडी अर्धं चाक पुढे घ्या, परत मारा, नाहीतर खालचा गाळ तसाच राहतो. धातूच्या वस्तूनं खरवडू नका, आतली चिकट वजनं निघून येतील. नंतर एखादं वजन गळाल्याचा चौकोनी डाग दिसला तर बॅलन्सिंग करावंच लागेल.

काटोलनाका
पटलं. सोबत टायरची साइडवॉल (बाजूची भिंत) हातानं चाचपा, आतल्या बाजूचीसुद्धा. कुठं फुगवटा लागला तर तो टायर उद्या चालवायचा नाही. आणि २० पीएसआयवर जोरात वळवलं असेल तर टायर रिमवर सरकू शकतो, मग धुऊनही थरथर जाणार नाही.

सॅटेलाइट_समीर
तनोटकडे नेटवर्कचा भरवसा नाही. मित्राकडून सॅटेलाइट फोन मागून घ्या.

स्टेपनी
अजिबात नको! दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय आपल्याकडे सॅटेलाइट फोन बाळगणं बेकायदा आहे, आणि हा तर सीमेचा भाग. ड्रोनही नको. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, तेवढं पुरे.

वैदर्भी_वाटसरू
लोंगेवालाहून घोटारूमार्गे समला उतरा. नवा रस्ता आहे, रामगढला परत यावं लागत नाही.

काटोलनाका
संशयाची गाडी आणि दोघंच माणसं, त्यात तो निर्मनुष्य रस्ता? उडून आलेली रेती डांबरावर पट्ट्यापट्ट्यानं पसरलेली असते. ८० नं त्यात शिरलं की पुढची चाकं हलकी होतात, वळवलं तरी वळत नाहीत. रामगढवरूनच परत या. गोल फेरी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास होते. रामगढला टाकी फुल करा, पुढच्या पंपावर विसंबू नका. माणशी ५ लिटर पाणी. आणि गाडीतल्या राखीव चाकाची, स्टेपनीची, हवा आजच पाहा. ती १४ इंची असेल तर तिच्यावर बहुतेक ८० च्या मर्यादेचं स्टिकर असेल.

महाल_ते_मरुभूमी
धुतलं. पुढच्या डाव्या चाकातून मुठीएवढा ढेकूळ निघाला! बायकोनं टॉर्चनं चारही टायर पाहिले, फुगवटा नाही, वजनं जागेवर. ९५ पर्यंत नेऊन आलो, स्टीअरिंग गप्प. पण आता डावीकडून किर्रर्र आवाज येतोय, ब्रेक मारला की बदलतो.

स्टेपनी
ब्रेकची डिस्क आणि तिच्या मागचा पातळ पत्रा यांच्यात खडा अडकला. मोकळ्या जागी रिव्हर्समध्ये १०-१५ फूट जा, हलका ब्रेक मारा, परत पुढे. दोन-तीनदा करा. नाही पडला तर चाक काढून पत्रा बोटानं किंचित बाहेर वाकवायचा. डिस्क तापलेली असेल, आधी थंड होऊ द्या. चाक परत बसवताना नट समोरासमोरचे आवळा, आणि रामगढला पुन्हा एकदा पाना लावून पाहा.

जुना_गिअर
तरी शाफ्टचं रबर बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) पाहून घ्या. फाटलं असेल तर रेती आत जाऊन जॉइंट खाते.

स्टेपनी
हे मात्र बरोबर. चाक काढलंच तर समोरच दिसेल.