खोक्यातली सायकल घरी जोडलीत? अनुभव सांगा

धाकटीच्या वाढदिवसाला सायकल मागवली. खोक्यावर लिहिलेलं, 85 टक्के जोडलेली आहे. उरलेल्या 15 टक्क्यांत माझा अख्खा रविवार गेला आणि वर हसंही झालं. पुढचं चाक, हँडल, सीट, पायडल, एवढंच तर बसवायचं होतं. शाहूपुरीतल्या आमच्या बोळात पोरीनं पहिलं वळण घेतलं आणि बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासलं. म्हणाली, "पप्पा, शेजारच्या दादाचा ब्रेक डावीकडं आहे, आपला उजवीकडं का?"

चिमटाच, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्कच, उलटा! खोक्यात मावावा म्हणून तो मागं वळवलेला असतो. मी तसाच ठेवून त्यावर हँडल मात्र सरळ आवळलं. डिस्क ब्रेकवाल्या सायकलीचा पुढचा कॅलिपर, म्हणजे डिस्क दाबणारी पकड, बसणाऱ्याच्या डाव्या हाताला, चिमट्याच्या मागं यायला पाहिजे, हे त्या दिवशी कळलं. तुम्ही काय काय करून ठेवलंय? लाजू नका, सुरुवात मी केलीय.

मिरजेहून

पायडल. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं हे ऐकून माहीत होतं, पण हातात पाना आला की डोकं चालत नाही. उजवं पायडल डावीकडं धरलं आणि बसेना म्हणून जोर लावला. पायडलचे आटे पोलादी, क्रँक (पायडल ज्यात बसतं तो दांडा) अ‍ॅल्युमिनियमचा. कोण हरणार? क्रँकच्या आट्यांचा चुरा ग्रीसमध्ये चमकत होता. नवीन क्रँकचे पैसे गेले.

आता आधी पायडलच्या दांडीवरचं 'एल' (डावं) आणि 'आर' (उजवं) बघतो, आट्यांना ग्रीस लावतो आणि पहिले तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी देतो. बोटांनी जात नसेल तर वाकडं लागलंय, काढायचं. आवळताना पाना वर उभा धरून त्याचं टोक पुढच्या चाकाकडं ओढायचं; दोन्ही बाजूंना हाच नियम.

गावभाग, सांगली

माझी खोक्यातली नाही, पुरातली. 2019 च्या ऑगस्टमध्ये आजोबांची काळी दांडीची सायकल कृष्णेच्या पाण्यात बुडाली. पाणी ओसरल्यावर चाक फिरवलं तर आत वाळू दळल्यासारखा आवाज. भंगारात घालायला मन होईना, म्हणून सगळी उकलली.

कॉटर पिन, म्हणजे क्रँक धुरीवर पक्का धरणारी खीळ, ठोकताना क्रँकखाली लाकडाचा ठोकळा दिला नाही, तर हातोडीचा मार आतल्या कपांना आणि छर्‍यांना बसतो, हे कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकाकांनी वेळेवर सांगितलं. हबचे (चाकाच्या मधल्या तुंब्याचे) छर्रे, ते ज्यात फिरतात ते कप आणि त्यांना आतून दाबणारे कोन रॉकेलमध्ये धुतले. मागच्या हबला पाव इंची छर्रे, एका बाजूला नऊ. पुढच्या हबला बारीक, 3/16 इंची, दहा-दहा. मी हौसेनं मागं दहावा कोंबला. काका म्हणाले, "आरं, एकाची जागा मोकळी दिसली तर दिसू दे. त्यांना फिरायला नको का?"

कोन आवळण्यात दोन संध्याकाळी गेल्या. सैल ठेवला तर चाक डुगडुगतं, घट्ट केला तर जड फिरतं. आणि एवढं जमवून वरचा नट आवळला की कोन पुन्हा हलतो! शेवटी काकांची परीक्षा: चाक हळूच सोडायचं, ते आपल्या वजनानं डुलत डुलत व्हॉल्व्ह खाली आणून थांबलं पाहिजे. तसं थांबलं तेव्हा आजी दारात उभी होती. काही बोलली नाही, आत जाऊन चहा टाकला.

कास रस्त्यावरून

नव्या सायकलीच्या चेनला स्प्रेचं तेल मारलं, फवारा मागच्या डिस्कवर गेला. दिसलंच नाही. यवतेश्वर घाट उतरताना मागचा ब्रेक दाबला तर नुसती किंचाळी, वेग आहे तसाच. पुढच्या ब्रेकवर दमादमानं उतरलो, पाय लटपटत होते. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, पॅड तेल प्यालेले म्हणून बदलले. चेनला तेल थेंबाथेंबानंच.

ब्रेक हायड्रॉलिक असेल तर आणखी एक: चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतात, मग डिस्क आत जात नाही. पॅडमध्ये येणारा प्लास्टिकचा तुकडा म्हणून जपून ठेवा.

कराड

आमच्या लंबूनं सीटची दांडी, किमान एवढी आत राहिलीच पाहिजे असं सांगणाऱ्या खुणेच्याही वर काढली. उंची जमली, महिन्याभरात फ्रेमला चीर. थोडक्यात आटोपतो, घरी अजून विषय तापलेला आहे.

विश्रामबाग, सांगली

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढंमागं हलवा. हँडलच्या बुडाशी कट्कट् जाणवली तर तिथं ढिलेपणा आहे. बिनआट्याच्या (थ्रेडलेस) चिमट्याला आधी स्टेमचे, म्हणजे हँडल चिमट्याला जोडणाऱ्या तुकड्याचे, बाजूचे बोल्ट सैल करून वरचा बोल्ट बेतानं आवळायचा, मग चाकाच्या रेषेत हँडल धरून बाजूचे. मी उलट केलं होतं आणि आठवडाभर बेअरिंगला शिव्या देत होतो. टॉर्कचा (किती जोरानं आवळलं ते मोजणारा) पाना असेल तर स्टेमवर छापलेला आकडा बघा, बहुधा 5-6 न्यूटन-मीटर असतो. पायडलला लागतो 35-40. एकच हात दोन्हीकडं चालवू नका.

पुन्हा शाहूपुरी

चिमटा सरळ केला, कट्कट् तपासली, नाही. पण खोक्याच्या तळाशी दोन वॉशर उरलेत, एका कडेला वाकडा आकडा (हूक) असलेले. जास्तीचे असतील ना?

मिरजेहून

नाही हो! ते पुढच्या चाकाचे. नटाच्या आत, चिमट्याच्या बाहेर बसतात आणि आकडा चिमट्याच्या भोकात अडकवायचा. नट सैल झाला तरी चाक निसटू नये म्हणून असतात. पोरीला आज सायकल देऊ नका.