मदत हवी आहे: गोष्टीचा शेवट ठरलेला असताना वाचकाच्या निवडीला वजन कसं आणायचं?

नमस्कार मंडळी,

नोकरी सांभाळून रात्री आणि रविवारी एक गोष्ट लिहितेय. गेम म्हटलं तरी चालेल. मजकूर वाचायचा, प्रसंग संपला की दोन-तीन पर्याय येतात, त्यातला एक निवडला की गोष्ट त्या वाटेने जाते. ट्वाइनमध्ये, म्हणजे अशा फुटत जाणाऱ्या गोष्टी लिहायच्या साधनात, करतेय. चित्रं नाहीत, गुण नाहीत, जिंकणं-हरणं नाही.

विषय कोयना खोऱ्याचा. काळ १९६० च्या आसपासचा. धरणाचं काम चालू आहे आणि वरच्या अंगाला धरणाच्या जलाशयाच्या, शिवसागराच्या, पोटात जाणारं एक गाव आहे. गाव काल्पनिक, बाकी सगळं शक्य तितकं खरं ठेवतेय. नायिका सखू, वय तेरा. वडील मुंबईत गिरणीत, घरात आई, आजी आणि धाकटा भाऊ. गाव बुडणार हे पहिल्या पानापासून वाचकाला ठाऊक आहे आणि काहीही निवडलं तरी पाणी चढणारच. ते मी बदलणार नाही. ज्यांची गावं खरोखर गेली त्यांच्या हातात ते नव्हतं. पुनर्वसनाचा कायदासुद्धा राज्यात १९७६ साली आला.

मग निवडायचं काय, तर बरोबर काय न्यायचं, कोणाला सांगायचं, कोणाबरोबर जायचं. सध्या सगळ्यात जमलेला प्रसंग सामान बांधण्याचा आहे. गाडीत जागा थोडी. आजीला जातं हवंय, आईला पाटीभर नाचणीचं बी, सखूला स्वतःचं इरलं. देवांचे टाक तर येणारच. वाचक नाचणी निवडतो, कारण ते शहाणपणाचं वाटतं. पण कोयनेच्या खोऱ्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, आणि नवी जमीन मिळते सोलापूर जिल्ह्यात, जिथे सहाशेसुद्धा मुश्किलीने पडतो. डोंगरउतारावरचं ते बी त्या काळ्या रानात उगवून येत नाही. हे मी कुठेही समजावून सांगत नाही. पुढच्या एका प्रसंगात आई रिकामी पाटी शेण भरायला घेते, एवढंच.

खरी अडचण मोठ्या फाट्यावर आहे. तिथे दोन वाटा होतात: सरकार देईल तिकडे जायचं, किंवा पाण्याच्या वर डोंगरात सरकून राहायचं. डोंगरात राहिलेल्यांच्या वाट्याला ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप येतो, सोलापूरला गेलेल्यांच्या वाट्याला १९७२ चा दुष्काळ. दोन्ही खरं आहे, दोन्ही लिहायचंच आहे. पण ज्या मैत्रिणींना खेळायला दिलं त्यांनी भूकंप आला की लगेच मागे जाऊन दुसरी वाट धरली. ‘आपलं उत्तर चुकलं’ असं त्यांना वाटलं. मला नेमकं हेच नकोय. आपत्ती ही निवडीची शिक्षा वाटता कामा नये.

माझ्या डोक्यात दोन उपाय आहेत. एक, मागे जायचं बटणच काढून टाकायचं. ट्वाइनमध्ये ते सोपं आहे, पण वाचकावर जबरदस्ती होते. दुसरा, फाटा लवकर आणायचा आणि त्यानंतर दोन्ही वाटांवर भरपूर साधे दिवस ठेवायचे, लग्नं, बाळंतपणं, भांडणं, म्हणजे आपत्ती येईपर्यंत ते आयुष्य वाचकाचं झालेलं असेल. मला दुसरा बरोबर वाटतो, पण त्यात लिखाण जवळजवळ दुप्पट होतं. फुटलेल्या वाटा मध्येच एका प्रसंगात जुळवून घेण्याची युक्ती इथे चालत नाही, कारण दोन्हीकडची माणसं पुन्हा क्वचितच भेटतात. असं काही कोणी लिहिलंय का? लिखाण कुठे आवरतं घेतलंत?

आणखी दोन छोटे प्रश्न.

गोष्ट ‘तू’ला उद्देशून आहे. ‘तू उंबऱ्यावर थांबलीस’ असं लिहिलं की वाचक सखू होतो. पुरुष वाचकांना यात परकेपणा वाटेल का? ‘तुम्ही थांबलात’ केलं तर लिंगाचा प्रश्न सुटतो, पण तेरा वर्षांच्या पोरीला कोण अहो-जाहो करणार?

दुसरा प्रश्न तांत्रिक. अक्षरं एकेक उमटत जावीत असं केलं होतं, तर ‘स्त्री’ उमटताना आधी ‘स’, मग पाय मोडलेला ‘स्’, मग ‘स्त’ असं दिसतं. भयंकर दिसतं ते. आता शब्द-शब्द उमटवतेय. पुढेमागे फोनवर ॲप म्हणून आणायचं आहे. गोडो ४ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं नीट जुळतात हे मी करून पाहिलंय, पण निव्वळ मजकुराच्या गोष्टीसाठी तिकडे जावं की ट्वाइनमधून निघणारं वेबपान तसंच ॲपमध्ये गुंडाळावं?

आणि कोणाच्या घरची माणसं तापोळा, बामणोली किंवा त्या पट्ट्यातून उठलेली असतील, तर गाव सोडताना त्यांनी बरोबर काय नेलं आणि काय मागे ठेवलं ते कृपया लिहा. नाव-गाव नको, फक्त वस्तू सांगितल्यात तरी खूप आहे.