मदत हवी आहे: आमच्याकडे ओके, ग्राहकाकडे अंडरसाइज. नक्की गेज कोणाचं खरं?

नमस्कार मंडळी. भोसरीतल्या एका छोट्या जॉबवर्क युनिटमध्ये मी क्वालिटी बघते. डिपार्टमेंट वगैरे नाही, मी आणि एक हेल्पर.

ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगमध्ये 6206 बेअरिंग बसतं. बोअर (बेअरिंग बसायचं भोक) 62 एच7, म्हणजे 62 मिमीवर शून्य ते अधिक 30 मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग). बेअरिंग सैल नको म्हणून ग्राहकाला तो खालच्या बाजूलाच हवा असतो. तीन जॉच्या चकमध्ये (तीन बाजूंनी दाबणारी पकड) धरून सीएनसी मशीनवर करतो. डायल बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं गेज) स्टीलच्या सेटिंग रिंगवर, म्हणजे नेमक्या मापाच्या रिंगवर, झिरो करून मोजते. रीडिंग कायम अधिक 8 च्या आसपास.

मागच्या आठवड्यात लॉट परत आला. ग्राहकाच्या सीएमएमवर (अचूक मोजमापाचं मशीन) 61.992, म्हणजे 8 मायक्रॉन कमी! ट्रेमधल्या चिठ्ठ्या काढून पाहिल्या, तर लाल स्टिकरवाले सगळे नग दुपारी एक ते पाचमधले. सकाळचा एकही नाही. ऑपरेटर तोच, प्रोग्रॅम तोच. फरक एवढाच की सकाळी शेडमध्ये 28 अंश असतं आणि दुपारी 38.

मालक म्हणतात, आणखी एक मुलगी लाव आणि शंभर टक्के चेक कर. अहो, पण गेज तेच, मग उत्तरही तेच येणार ना? सोमवारी ग्राहकाला 8डी रिपोर्ट (दोषाचं कारण आणि उपाय लिहायचा अहवाल) द्यायचाय. मागच्या वेळी कारणात 'ऑपरेटरचं दुर्लक्ष, ट्रेनिंग दिले' असं लिहून मोकळी झाले होते. या वेळी तसं करायचं नाहीये.

हे तापमानामुळे होतं, की चकमध्ये जॉब दाबला जातो म्हणून? वेगळं कसं काढू?

प्रतिसाद

ताई, चिठ्ठ्या ठेवल्यात तिथेच अर्धं काम झालंय. मापं 20 अंशाला धरतात. मीटरला दर अंशामागे ॲल्युमिनियम साधारण 23 मायक्रॉन वाढतं, स्टील साडेअकरा. म्हणजे 38 अंशाला तुमचा बोअर रिंगच्या तुलनेत जवळपास 13 मायक्रॉन मोठा दिसणार. मशीनवरून उतरलेला जॉब अजून कोमट असेल तर आणखी दोन-तीन. सकाळी हाच फरक सहाच्या आत असतो, म्हणून निभावतं.

पाच नगांवर नंबर टाका. गरम मोजा, मग रिंग आणि गेजसकट एसीत चार तास ठेवून परत मोजा. रीडिंग उतरलं तर तापमान. चकचा संशय मात्र या गेजने फिटणार नाही. तीन जॉमुळे बोअर तिकोनी झाला तरी दोन टोकांचं गेज सगळीकडे सारखंच दाखवतं. त्यासाठी तीन टोकांचा बोअर मायक्रोमीटर लागेल, नाहीतर सीएमएमवर राउंडनेस (बोअर किती गोल आहे ते) काढा.

आणि स्टीलची रिंग बाजूला ठेवा. तुमचाच एक चांगला जॉब सीएमएमवर मोजून मास्टर (गेज सेट करायचा नमुना) करा, तो ट्रेशेजारीच राहू द्या. जॉब शेडच्या तापमानाला आले की दोघं सारखेच फुगतील.

धागाकर्ती

एसी फक्त मालकांच्या केबिनमध्ये, तोही 24 वर. पाच नग, रिंग, गेज सगळं त्यांच्या टेबलावर मांडलं. चार तासांनी पाचही नग 12 ते 13 मायक्रॉनने उतरले. मालक स्वतः डायल बघत होते, दुसऱ्या मुलीचा विषय परत काढला नाही. राउंडनेससाठी दोन नग बाहेर पाठवलेत.

आता एकच: मास्टर जॉब किती दिवसांनी परत मोजून घेता तुम्ही? ॲल्युमिनियम मऊ, गेज घासून झिजेल अशी भीती वाटते.