मदत हवी आहे: भाडेकरू कुत्रा सोडून गेले, सोलापुरात कुठे ठेवता येईल?

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात राहतो. आमच्या अपार्टमेंटमधले भाडेकरू गेल्या रविवारी घर रिकामं करून गेले आणि लॅब्राडोर पार्किंगमध्येच ठेवून गेले. फोन बंद. साखळी, पाण्याचा डबा आणि एक फाटकी सोलापुरी चादर, एवढाच त्याचा संसार.

पहिले दोन दिवस तो भाकरीला तोंड लावेना. "इकडे ये" म्हटलं तर नुसता बघायचा. शेवटी खालच्या पद्मशाली आजींनी "रा, रा" अशी हाक मारली आणि पठ्ठ्या शेपटी हलवत उठला! तेलुगूच कळते त्याला. आता दूधभात खातो, पण कानात गोचिडं भरलीत.

पाळलेलं जनावर असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड किती? १० ते ५० रुपये! म्हणजे बघा की.

महापालिकेकडची सोय मोकाट कुत्र्यांसाठी. नसबंदी, रेबीजची लस, आणि २०२३ च्या नियमाप्रमाणे पुन्हा त्याच जागी सोडायचं. हा रस्त्यावर आठ दिवसही टिकायचा नाही ओ.

विजापूर रोड किंवा होटगी रोडच्या बाजूला असे कुत्रे ठेवून घेणारी खात्रीची जागा आहे का? लसीचं कार्ड नाही, तर सगळ्या लसी नव्याने द्याव्या लागतील का? खर्च आम्ही तिघे शेजारी मिळून करू. कुणी घरी नेणार असेल तर आधी दोन-तीनदा येऊन भेटा, शेताच्या राखणीला साखळीत बांधायला देणार नाही.