बाराही महिने हिरवा आणि वासाचा वेल: इंग्लंडात काय लावू?

लीड्सची_वहिनी
मागच्या अंगणात पश्चिमेकडे तोंड असलेली विटांची भिंत आहे, वर लाकडी जाळी. दुपारनंतर ऊन छान येतं. शेजारच्यांच्या किचनमधून आमचं जेवणाचं टेबल सरळ दिसतं, म्हणून हिवाळ्यातही पानं टिकवणारा वेल हवाय. आणि वास हवा, नावापुरता नको. साताऱ्याला आईच्या दारात जुई आहे, त्यामुळे अपेक्षा जरा चढ्याच आहेत. गार्डन सेंटरमध्ये ‘जॅस्मिन’ लिहिलेल्या कुंड्या बघितल्या, प्रत्येकीचं पान निराळं! कुठली घ्यावी?

ब्रिस्टलचे_बापू
जॅस्मिनचा नाद सोडा, क्लेमॅटिस आर्मंडाय लावा. मार्च-एप्रिलमध्ये पांढऱ्या फुलांनी भरतो, वास बदामाच्या अंगाने जाणारा. वाढ दणदणीत. छाटणी मात्र फुलं सरल्यावर लगेच, उशीर केलात तर पुढच्या वर्षीची फुलं गेली.

चेशायरची_मावशी
बापू, वेल देखणा आहे, पण त्याला गार वारा सोसत नाही. लांब पानं कडेने करपतात आणि खालून नुसती खोडं दिसायला लागतात. वहिनींना आडोसा हवाय तो खालीच ना?

वहिनी, लेबलवरचं लॅटिन नाव वाचा. जॅस्मिनम ऑफिसिनाले असेल तर वास सुरेख, पण तिकडच्या थंडीत पानं झडतात. गुलाबी कळ्यांचं, तारेच्या कड्यावर गुंडाळलेलं पॉलिअँथम खिडकीतच बरं, लीड्सला बाहेर टिकणार नाही. तुम्हाला हवं ते ट्रॅकेलोस्पर्मम जॅस्मिनॉइडिस, म्हणजे स्टार जॅस्मिन. हा मूळचा पूर्व आशियातला, रॉबर्ट फॉर्च्यूनने 1844 साली शांघायहून इकडे आणलेला. जाई-जुईच्या कुळातला नाहीच, आपल्या तगरीचा नातलग. पान तोडून बघा, पांढरा चीक येतो. फुलाच्या पाकळ्याही तगरीसारख्याच एका बाजूला पिळलेल्या, भिंगरीच जणू. जून ते ऑगस्ट फुलतो, आणि ऊबदार संध्याकाळी वास दारातून आत येतो. गजऱ्याचं मात्र मनात आणू नका, चिकाने हात चिकट होतात आणि काहींच्या कातडीला खाजही सुटते. त्यासाठी कुंडीत मोगरा ठेवा, ऑक्टोबरच्या आत घरात घ्या.

लावायचा मे महिन्यात, म्हणजे हिवाळ्याआधी मुळं धरतील. भिंतीला चिकटून लावू नका. पायथ्याशी पाऊस पोचतच नाही, माती कोरडीठाक असते. चाळीसेक सेंटीमीटर पुढे खड्डा घ्या आणि काठीने वेल भिंतीकडे वळवा. आडव्या तारा ताणा, भिंतीपासून जरा सुट्या, म्हणजे वेलाला विळखा घालायला जागा राहते. सुरुवातीला ढिम्म हलत नाही, मुळं पसरली की मग चढतो. थंडीत पानं तांबूस-लाल होतात. ती मेलेली नसतात, घाबरून कात्री लावू नका. उणे पाच-सात अंश सोसतो. त्याहून कडाका पडत असेल तर एशियाटिकम बघा, जरा जास्त चिवट, फुलं पिवळसर.

टोरांटोचा_भाऊ
वाचून जळलो! आमच्याकडे उणे वीसला यातलं काही बाहेर जगत नाही. इथे मोगरा खिडकीत, आणि खिडकीबाहेर बर्फाचं फावडं.

लीड्सची_वहिनी
मावशी, लाख धन्यवाद. एकाने सदाहरित हनीसकल सुचवलंय, लोनिसेरा हेन्रीआय. तो लवकर वाढतो म्हणे. आणि स्टार जॅस्मिनची मोठी रोपं भलतीच महाग आहेत हो!

चेशायरची_मावशी
हेन्रीआयला पानं भरपूर, वास जेमतेम. हनीसकलच हवा तर हॅलिआना घ्या, वास मस्त, पण दरवर्षी छाटावा लागेल, नाहीतर शेजाऱ्यांच्या किचनमध्येच जाऊन बसेल. स्टार जॅस्मिनचं लहान रोपही चालतं, फक्त थांबायची तयारी हवी. यंदा मेची घाई नको. जूनमध्ये फुलावर असताना दुकानात जा, नाक लावून वास घ्या, मगच पैसे द्या.